गणिताने जुळलेली सोयरीक : एका विज्ञानकल्पनेचा झाडीपट्टीच्या संदर्भात विचार

महामारी संपण्याचे नाव घेत नाही. माणसे आपापल्या घरांत बंदिस्त झाली आहेत. आणि कोणी कोणाच्या प्रेमात पडावे हे यंत्रातील गणनविधी, म्हणजेच अल्गोरिदम, ठरवून देतो. अशा भविष्यकालीन समाजाची कल्पना ही सर्वस्वी परकीय व नवी कल्पना आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. जोडीदार नेमून देणे ही गोष्ट मराठी समाजाला आणि मराठी नाटकाला चांगलीच परिचित आहे. या कल्पनेत खरोखर नवे आहे ते हे की, जोडी जुळविणाऱ्याला जाब विचारण्याची जागाच तीत नाहीशी होते. हे स्पष्ट करण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी परिसर ज्या झाडीपट्टीत मोडतो तेथील मंडईची प्रथा आणि गो. ब. देवल यांचे 'संगीत शारदा' ही दोन उदाहरणे येथे घेतली आहेत.

१. कल्पनेचे दोन घटक

या कल्पनेत विलगता आणि नियुक्ती असे दोन घटक एकत्र येतात. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'द मशीन स्टॉप्स' (१९०९) या कथेत माणसे भूमिगत कोठड्यांतून एकेकटी राहतात व यंत्राच्या द्वारे परस्परांशी बोलतात. प्रत्यक्ष स्पर्श तेथे असभ्य ठरला आहे. कथेतील कूनो या तरुणाला पिता होण्याची अनुमती नाकारली जाते, म्हणजे वंश कोणाचा चालावा हेही तेथे व्यक्तीच्या हाती उरलेले नाही. 'ब्लॅक मिरर' या दूरचित्रवाणी मालिकेतील 'हँग द डीजे' (२०१७) या भागात नियुक्तीचा घटक प्रधान आहे. कोणी कोणाबरोबर किती काळ राहावे हे तेथील व्यवस्था ठरविते. नायक-नायिका अखेर तिच्याविरुद्ध बंड करून निसटतात. परंतु अशा सहस्र आभासी प्रयोगांपैकी ९९८ प्रयोगांत जोडप्याने बंड केले, याचीच नोंद घेऊन व्यवस्था त्यांच्या अनुरूपतेचा आकडा काढते. बंडदेखील येथे हिशेबातील एक रकाना ठरतो. शेवट सुखाचा असूनही अस्वस्थ करतो, तो यामुळे.

२. गुणमेलन : एक उघडा गणनविधी

ठरलेल्या पायऱ्यांनी निर्णयाप्रत नेणारी पद्धती म्हणजे गणनविधी, अशी व्याख्या स्वीकारल्यास आपले गुणमेलन हाही एक गणनविधीच होय. वधूवरांची जन्मरास व जन्मनक्षत्र ही त्याची सामग्री. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८, असे एकूण ३६ गुण आणि १८ ही सामान्यतः स्वीकारलेली किमान मर्यादा. या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, हे वेगळे सांगावयास नको. मात्र तिचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. तिचे कोष्टक पंचांगात छापलेले असते. ज्याला शंका असेल त्याला ते उघडून बेरीज पुन्हा करता येते.

या उघडेपणाचे महत्त्व 'शारदा'त (१८९९) दिसते. वृद्ध भुजंगनाथाचे लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ आणि पैशाच्या लोभाने मुलगी देणारा कांचनभट यांनी सर्व जुळवाजुळव केलेली असते. ते लग्न मोडते, ते दोन्ही घराणी सगोत्र असल्याचे कोदंडाने मांडवात उघड केल्यामुळे. ज्या नियमावलीच्या आधारे शारदेचा बळी जाणार असतो, तिच्यातील एका नियमानेच तो अनर्थ टळतो. हे शक्य होते, कारण नियम सर्वांना ठाऊक आहे, तो बोलून दाखविणारा माणूस समोर उभा आहे आणि ऐकणारे साक्षीदारही जमलेले आहेत.

३. पसंतीक्रम कोणाचा?

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये 'स्थिर विवाहा'चा गणनविधी मांडला. दोन्ही पक्षांतील प्रत्येकाने आपापला पसंतीक्रम द्यावा. एका पक्षाने क्रमाने मागणी घालावी. दुसऱ्याने हाती आलेल्यांतील उत्तम मागणी राखून बाकीच्या नाकाराव्यात. अशा रीतीने लागलेल्या जोड्यांत, आपापला जोडीदार सोडून परस्परांकडे जावे असे दोघांनाही वाटेल, अशी जोडी उरत नाही. मात्र मागणी घालणाऱ्या पक्षाला शक्य त्या स्थिर जोड्यांतील सर्वोत्तम वाटा मिळतो आणि दुसऱ्या पक्षाला सर्वांत कनिष्ठ. शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या मुळाशी हेच संशोधन होते.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, तटस्थ भासणाऱ्या नियमातही कोणाची पसंती कोणत्या बाजूने घातली यावर न्याय अवलंबून असतो. 'शारदा'त पसंतीक्रम कांचनभटाचा आहे. शारदेचा क्रम कोणी विचारलेलाच नाही. सामग्रीतच ती नाही, तेव्हा गणित कितीही अचूक असले तरी उत्तर तिचे असणार नाही.

४. मंडई आणि तिचा अभाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक होते. मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावाभोवतीच्या खेड्यांना मंडई हे केवळ करमणुकीचे निमित्त नसते. सोयरिकीची बोलणी तेथे निघतात. उपवर मुलगी व मुलगा यांना नातेवाईक पाहतात. घराण्याविषयी चौकशी होते. कोणी खोटे सांगितले तर खोडून काढणारा शेजारी तेथेच भेटतो. आणि गर्दीच्या आडोशाने, हिशेबाबाहेर, दोघांची नजरानजर होण्यासही वाव असतो.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे म्हटले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मंडईवर निर्बंध आले आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम बव्हंशी बुडाला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात विवाहास पंचवीस माणसे व दोन तास अशी मर्यादा घालण्यात आली. लग्ने थांबली नाहीत. साक्षीदार मात्र हटविले गेले. त्यांची जागा भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या परिचयपत्रांनी व विवाहविषयक संकेतस्थळांनी घेतली. महामारी दीर्घकाळ टिकली तर काय होईल, याची ही अल्पशी चुणूक होती.

मंडईचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तेथील सोयरीकही बहुधा जातीच्या कुंपणातच होते. परंतु संकेतस्थळांवरही जातीचा रकाना आहेच. आणि मागील निवडींवरून शिकणारी व्यवस्था तीच रेघ अधिक ठळक करण्याचा संभव असतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये आंतरजातीय विवाह हा जातिभेदावरील खरा उपाय सांगितला, तो या रेघेबाहेरच्या भेटीवर अवलंबून आहे. विलग समाजात अशी अनपेक्षित भेट सर्वांत आधी संपते. कुंपण गावात होते तेव्हा ते निदान दिसत होते आणि ते घालणारा ओळखता येत होता. यंत्रात गेल्यावर तेच कुंपण 'अनुरूपता' या नावाने वावरते.

५. निष्कर्ष

मराठी विज्ञानकथेला आता प्रतिष्ठा लाभली आहे. महामारीमुळे लांबलेल्या व डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे होते, हे त्याचे द्योतक होय. नियुक्त प्रेमाची कथा मराठीत वाचताना वा लिहिताना यंत्र किती प्रगत आहे, हा प्रश्न गौण मानावा. पसंतीक्रम कोणाचा घातला आहे? नियम वाचता व तपासता येतो काय? आणि नकार हा खरोखर नकारच राहतो, की व्यवस्थेच्या बेरजेत जमा होतो? या तीन प्रश्नांवर कथेची कसोटी लागते. पहिल्या दोन प्रश्नांची मुळे 'शारदा'त सापडतात. तिसरा आपल्या काळाचा आहे.

झाडीपट्टीतील महाविद्यालयांना येथे एक काम हाती घेता येईल. २०२० व २०२१ या वर्षांत मंडईवाचून सोयरिकी कशा जुळल्या, मध्यस्थ कोण होता, मुलीला कोणी विचारले, याची तोंडी निवेदने त्या कुटुंबांच्या संमतीने, नावे न देता व त्यांच्याच झाडीबोलीत नोंदवून ठेवावीत. सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. भविष्याची कल्पना करणाऱ्या लेखकाला यापेक्षा भरवशाची सामग्री मिळणार नाही.