देणाऱ्याचे खाते जमा

पुस्तपालनाचा पहिला नियम पेढीवर नव्याने बसलेल्या मुलालाही शिकवला जातो: घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. पैशाच्या व्यवहारात व्यापारी घराणी हा नियम काटेकोरपणे पाळतात. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एका रुपयाचाही फरक शिल्लक राहू देत नाहीत. उपकारांची खतावणी मात्र बहुधा अपुरी राहते. पेढी असो वा संस्था, तिच्या प्रमुखाची ही दुसरी वही कशी आहे, यावर त्याच्याजवळची माणसे किती काळ टिकतात हे पुष्कळदा अवलंबून असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांची ती वही उघडून पाहण्यासारखी आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे, जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. निराधार झालेल्या या मुलाला छत्रपती शाहू महाराजांनी आश्रय दिला.

पुढे कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा त्यांच्यावर दबाव आला. ज्या गृहस्थांच्या कारभारात आपल्याला वसतिगृह सोडावे लागले त्यांच्याविरुद्ध दोन वाक्ये बोलली की सुटका होणार होती. भाऊराव बोलले नाहीत. त्यांनी तुरुंगवास सोसला, छळ इतका असह्य झाला की आत्महत्येचाही प्रयत्न केला. पण साक्ष दिली नाही.

हा तुरुंग शाहू महाराजांच्याच संस्थानातला होता, हे विसरता येत नाही. तरीही १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी जे वसतिगृह भाऊरावांनी सुरू केले, त्याला नाव मिळाले ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. बँकेत एकाच माणसाचे येणे आणि देणे परस्परांत वळते करून घेण्याची रीत आहे. पेढीवरही तसेच करतात आणि त्यात गैर काही नाही. माणसे उपकारांनाही हीच रीत लावतात: त्याने केले खरे, पण नंतर दुखावलेही, हिशेब मिटला. भाऊरावांनी उपकार आणि दुःख यांची खाती वेगवेगळी ठेवली. आश्रयाची जमा तशीच राहिली, तुरुंगाचे दुःख तिच्यात वळते झाले नाही. नेतृत्वातील कृतज्ञतेची खरी कसोटी इथे आहे. ज्याने कधीच दुखावले नाही त्याचे आभार मानायला फारसे मोठेपण लागत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे स्थापन केलेल्या त्यांच्या संस्थेचे नावच रयतेचे आहे. पुढे साताऱ्यात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि कराडला १९५४ मध्ये सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. नावांची ही यादी म्हणजे ऋणांची यादी आहे. शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी पुढे आली होती आणि भाऊरावांनी ती साफ नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. संस्थेला पैशाची नड नेहमीचीच असताना असा नकार देणे किती जड जाते, हे ट्रस्टचा जमाखर्च सांभाळणारा कोणीही ओळखेल.

सर्वांत मोठे देणे मात्र घरातले होते. लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या कर्मठ घरातून आलेल्या. पण वसतिगृहातल्या सर्व जातींच्या मुलांच्या त्या आई झाल्या. धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. अखेर एकदा मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. कोणत्याही अहवालात ‘देणगीदार’ या सदराखाली न बसणारी ही रक्कम. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. सोलापुरात संस्थेचे महिला महाविद्यालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परस्परांवर उपकार करणे हेच जीवांचे कार्य सांगितले आहे आणि जैन प्रतीकाखाली ते सूत्र सर्वत्र छापलेले असते. लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी त्याचा अर्थ अधिक लवकर कळतो.

या वहीचा परिणाम संस्थेवर झाला. अल्प वेतनावर आयुष्य देणारे आजीव सेवक तिला मिळाले, त्यांतले कितीतरी त्याच वसतिगृहात जेवून शिकलेले. बॅ. पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन संस्थेच्याच कामाला लागले. वकिलीतली कमाई त्यांना खुणावत नसेल, असे नाही.

व्यापारी घरांत तिसरी पिढी गादीवर बसते तेव्हा जुन्या मुनीमजींचा पगार तिला दिसतो. मंदीच्या साली त्यांनी तीन महिने पगार न घेता चालवून घेतले, ते दिसत नाही. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीचा धनादेश देऊन उपकार फेडल्याचे समाधान मानले जाते. वास्तविक ते कायद्याने ठरवलेले देणे आहे. ते दिले नाही तर गुन्हा होतो, दिले म्हणून आभार होत नाहीत.

पेढीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचे छायाचित्र पानभर असते. ज्या अडत्याने पहिल्या हंगामात केवळ शब्दावर माल सोडला, त्याचे नाव त्या स्मरणिकेत शोधूनही सापडत नाही. माळ्यावर बांधून ठेवलेल्या जुन्या रोजमेळात मात्र ते असते. तारखेसह, रकमेसह, जमेच्या बाजूला.