टायमिंग बेल्ट (डिझेल मोटार)

टायमिंग बेल्ट हा अंतर्ज्वलन इंजिनातील भुजादंड म्हणजेच क्रँकशाफ्ट आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांची गती एकमेकींशी जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा आहे. अनेक डिझेल इंजिनांत हाच पट्टा इंधनपंप आणि पाण्याचा पंपही फिरवतो. ठरावीक अंतर किंवा ठरावीक वर्षे पूर्ण होताच, तो सुस्थितीत दिसत असला तरी, बदलावा लागतो. कारण तो बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो आणि तुटल्यास इंजिनाची गंभीर हानी होते.

रचना आणि कार्य

चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. त्यासाठी कॅमशाफ्टवरील दंतचक्राला क्रँकशाफ्टवरील चक्राच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असताना प्रत्येक झडप सेकंदाला १६ ते १७ वेळा उघडते व मिटते. पट्टा एक दाता जरी सरकला तरी हा मेळ बिघडतो.

पट्टा कृत्रिम रबराचा असून त्याच्या गाभ्यात काचतंतूंचे दोर आणि दातांवर नायलॉनचे कापड असते. काचतंतू ताण सोसतात, परंतु तीव्र घडी सोसत नाहीत. त्यामुळे नवा पट्टा दुमडणे, पिळणे किंवा उलटा करून पाहणे टाळतात. तेल व शीतक द्रव यांच्या संपर्काने रबर लवकर खराब होते.

डिझेल इंजिनातील धोका

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अतिशय दाबून तापवली जाते व त्या उष्णतेने इंधन पेटते. स्कोडा ऑक्टाव्हियातील १.९ लिटर टीडीआय इंजिनात हवा सुमारे १९ पट दाबली जाते. एवढा दाब साधण्यासाठी दट्ट्या वरच्या टोकाला असताना त्याच्या माथ्यावर फारच थोडी जागा ठेवलेली असते. त्या क्षणी झडप उघडी राहिल्यास दट्ट्या तिच्यावर आदळतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पण दट्टे गतीमुळे आणखी काही फेरे घेतात. परिणामी झडपा वाकतात आणि दट्ट्यांनाही इजा पोहोचू शकते. शिवाय इंजिन बंद पडल्याने सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकरच संपते. वेगवान महामार्गावर हे प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते.

इतिहास

मोटारीच्या इंजिनात दातेरी पट्ट्याचा वापर जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १००४ या मोटारीत १९६२ साली झाला. १९७६ साली आलेल्या फोक्सवागन गोल्फ डिझेलमध्ये हीच रचना होती. साखळीपेक्षा पट्टा हलका, स्वस्त व कमी आवाजाचा असतो आणि त्याला वंगण लागत नाही. मात्र त्याचे आयुष्य मर्यादित असते.

महाराष्ट्रातील मोटारी

पट्ट्यावर चालणाऱ्या डिझेल मोटारींशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. पुण्यात तयार होणाऱ्या टाटा इंडिकाचे (१९९८) १.४ लिटर डिझेल इंजिन आणि नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा रेनॉ लोगनचे (२००७) १.५ लिटर इंजिन या प्रकारचे होते. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी होऊ लागली. याउलट मारुती स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी आहे. म्हणून आपल्या मोटारीत पट्टा आहे की साखळी, हे प्रथम पुस्तिकेत पाहणे आवश्यक ठरते.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर स्कोडा व फोक्सवागन यांनी भारतातील डिझेल मोटारी बंद केल्या. ज्या जुन्या मोटारी रस्त्यावर आहेत, त्यांपैकी अनेक दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडे असतात आणि पट्टा बदलल्याची नोंद हाती नसते. अशा वेळी तो बदललेलाच नाही, असे गृहीत धरणे सुरक्षित असते.

घरी पट्टा बदलणे

हे काम घरी करता येते. मात्र त्यासाठी सपाट, पक्की व धूळ नसलेली जागा, त्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका, टॉर्क पाना आणि त्याच इंजिनासाठी बनवलेली कुलूप-हत्यारे लागतात. शहागंजसारख्या दाट बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला ते करणे योग्य नाही; जॅक कलंडण्याचा आणि दातांत कचरा जाण्याचा धोका असतो.

ऑक्टाव्हियाच्या जुन्या १.९ लिटर टीडीआय इंजिनातील कामाचा क्रम थोडक्यात असा :

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढतात. मोटार जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवतात.

२. पट्टा इंजिनाच्या उजव्या आधाराभोवती जात असल्याने तो आधार काढावा लागतो. त्यापूर्वी तेलाच्या टाकीखाली लाकडी फळी ठेवून इंजिन उचलून धरतात.

३. क्रँकशाफ्ट फिरवून पहिला दट्ट्या वरच्या टोकाला आणतात. कॅमशाफ्टच्या मागील खाचेत सपाट पट्टी आणि इंधनपंपात खीळ घालून दोन्ही जागच्या जागी रोखतात.

४. ताणकप्पी सैल करून जुना पट्टा काढतात. पट्ट्यासोबत ताणकप्पी, इतर कप्प्या, पाण्याचा पंप आणि एकदाच वापरायचे बोल्ट बदलतात; यांपैकी एक कप्पी अडकली तरी नवा पट्टा तुटू शकतो.

५. या इंजिनात कॅमशाफ्टवरील चक्र खाचेत अडकलेले नसून निमुळत्या टोकावर केवळ बोल्टच्या आवळीने बसते. म्हणून ते सैल करून नवा पट्टा चढवतात, ताणकप्पीची खूण जुळवतात आणि मगच चक्राचा बोल्ट आवळतात.

६. कुलूप-हत्यारे काढून इंजिन नेहमीच्या दिशेने पान्याने, हातानेच, क्रँकशाफ्टचे पूर्ण दोन फेरे फिरवतात. सर्व खुणा पुन्हा जुळल्या तरच काम बरोबर झाले, असे मानतात.

हातानेच फिरवण्याची ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. जुळणी चुकली असल्यास हाताला अडथळा जाणवतो आणि नुकसान टळते. स्टार्टरने मात्र त्याच चुकीत झडपा वाकतात. अडथळा आल्यास जोर न लावता जुळणी पुन्हा तपासतात. शेवटी शीतक द्रव भरून इंधनपंपाची वेळ निदान-यंत्रावर तपासून घेतात.

नेहमीच्या चुका

केवळ पट्टा बदलून कप्प्या जुन्याच ठेवणे, बोल्ट आवळताना कुलूप-हत्याराचाच टेकू घेणे आणि पट्टा अंदाजाने ताणणे या चुका वारंवार घडतात. सैल पट्टा दाते सोडून सरकतो, तर अतिताणलेला पट्टा कप्प्यांचे व पंपाचे बेअरिंग झिजवतो.

बदलण्याची मुदत

मुदत इंजिनानुसार वेगवेगळी असून ती किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही दिलेली असते; जी आधी पूर्ण होईल ती पाळतात. मोटार फारशी वापरात नसली तरी रबराचे वय वाढतच असते. मराठवाड्यातील कडक उन्हाळा लक्षात घेता वर्षांची मुदत दुर्लक्षित करणे हिताचे नाही. बदलाची तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी इंजिनाजवळ चिकटवल्यास पुढील मालकालाही उपयोग होतो.