दिवाळीची भेट : कोणास काय द्यावे, आणि कसे

आश्विन उतरणीस लागला, की यवतमाळ जिल्ह्यातील बाजारांच्या गावी दोन ठिकाणी गर्दी उसळते : एक बाजार समितीच्या आवारात, जेथे सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि दुसरी कापडाच्या व भांड्यांच्या पेठेत, जेथे ते सोयाबीन विकून आलेला पैसा पुरता मोजून होण्याआधीच खर्ची पडू लागतो. कापसाची वेचणी, सीतादहीचा नैवेद्य दाखवून, नुकती कोठे सुरू झालेली असते. पांढऱ्या सोन्याची मुख्य रक्कम हाती यावयास अद्याप पुष्कळ अवकाश असतो. आणि म्हणून १३,५८२ चौरस किलोमीटर विस्ताराच्या व २०११ च्या जनगणनेनुसार सत्तावीस लाखांहून अधिक वस्तीच्या या जिल्ह्यात असंख्य कुटुंबांची दिवाळी ही अर्ध्या हंगामाची दिवाळी असते. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली, तेव्हापासून कित्येक वर्षे कापसाचे चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत, आणि मधल्या काळाची तोंडमिळवणी कापड दुकानदाराच्या उधारीच्या वहीत होई. योजना गेली, परंतु सण आधी आणि पैसा मागाहून, हा क्रम मात्र अनेक घरांत कायम राहिला.

अशा मुलखात कोणास कोणती भेट द्यावी, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या भेटवस्तूंवरील आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की भेट ही वरकरणी कितीही स्वेच्छेची दिसली, तरी तिच्या पोटी तीन बंधने असतात : देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परतफेडीचे. आपल्याकडील आहेराच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, कोणाच्या लग्नात कोणी किती रुपये घातले याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या कशी जपली जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा सिद्धांत समजण्यास पॅरिसला जाण्याचे कारण नाही. उलट गीतेच्या सतराव्या अध्यायाने सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली, त्यांत देश, काल व पात्र यांच्या विवेकाबरोबरच, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला देणे, हेही एक लक्षण आहे. कर्जाने ज्या जिल्ह्याची इतकी घरे पोळली, तेथे भेटीची पहिली कसोटी हीच असावयास हवी, की तिने घेणाऱ्याच्या शिरावर आणखी एक ऋण चढता कामा नये. पुढील शिफारशी या कसोटीला धरून केल्या आहेत.

असे देणे या भूमीला अपरिचित नाही. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या भागांतील बंजारा तांड्यांवर दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री कुमारिका हाती दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागत फिरतात, आणि वडीलधारी माणसे त्यांच्या हातावर यथाशक्ति नाणे ठेवतात. मुलगी कोणत्या घरची, हा विचार तेथे गौण असतो, कारण ती साऱ्या तांड्याची लेक असते. पाडव्याला गायगोधनाच्या दिवशी वर्षभर गावाची गुरे राखणारा गोवारी डफळीच्या तालावर नाचत दारोदार येतो, तेव्हा त्याला मिळणारे धान्य अथवा वस्त्र हीही उपकाराची बाब नसून वर्षाच्या राखणीची सन्मानपूर्वक दिलेली पावती असते. या दोन्ही रिवाजांत देणारा मोठा होत नाही आणि घेणारा लहान होत नाही. उत्तम भेटीचे मर्म त्याहून निराळे नाही.

बहिणीसाठी आणि माहेरवाशिणीसाठी

भाऊबीजेला साडी देण्याची वहिवाट मोडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु जी बहीण स्वतः शेतात राबते, तिच्या लेखी साडीपेक्षा दुर्मीळ अशी एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे मोकळा दिवस. ऐन दिवाळीत वेचणीचा हंगाम असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे माहेरी काढलेल्या प्रत्येक दिवसाचे मोल तिच्या मजुरीतून वजा होते, आणि ‘काम होते म्हणून येणे झाले नाही’ या निरोपामागे पुष्कळदा हाच जमाखर्च असतो. सबब भावाने मुराळी होऊन स्वतः तिला आणावयास जावे, दोन दिवस अधिक ठेवून घ्यावे, आणि ओवाळणीच्या तबकात तिच्या बुडालेल्या रोजाची भरपाई होईल एवढी रक्कम, त्याचा उच्चारही न करता, घालावी. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे पडते. तेव्हा प्रवासखर्चाची सबबही आता फारशी टिकणारी नाही.

शहरात नोकरी करणाऱ्या बहिणीस किंवा मैत्रिणीस काही हौसेची वस्तू द्यावयाची असेल, तर बंजारा कशिद्याची पिशवी अथवा बटवा द्यावा. आरसे आणि कवड्या जडवलेले ते भरतकाम टिकाऊ तर असतेच. शिवाय ते प्रत्यक्ष करणाऱ्या स्त्रीकडून, तिने सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता विकत घेतले, तर एकाच खर्चात दोन घरी दिवाळी होते.

वडीलधाऱ्यांसाठी

वृद्धांना शाल देऊन मोकळे होण्याची एक सोयीस्कर प्रथा पडली आहे, आणि तिचा परिणाम असा, की अनेक घरांच्या पेट्यांत घडी न मोडलेल्या शाली पडून असतात आणि त्या शालींचे धनी मात्र बोलावयास माणूस नाही म्हणून ओसरीवर बसून असतात. वाचनाची गोडी असलेल्या वृद्धांना पुस्तक द्यावे, आणि ते शक्यतो आपल्या मातीचे असावे. यवतमाळात वकिली करणारे, जंगलात शिकार करणारे आणि मराठीत शायरी लिहिणारे भाऊसाहेब पाटणकर यांचे ‘दोस्तहो’ किंवा ‘जिंदादिल’ हे त्या दृष्टीने माझ्या यादीत सर्वांत वर आहे. कारण वार्धक्याची आणि प्रत्यक्ष मृत्यूचीही थट्टा करण्याचे जे सामर्थ्य त्या शायरीत आहे, ते सत्तरी ओलांडलेल्या वाचकास कोणत्याही उपदेशपर ग्रंथापेक्षा अधिक बळ देते. वऱ्हाडी बोलीत रमणाऱ्यास शंकर बडे यांची कविता द्यावी. संस्कृतज्ञ शिक्षकासाठी लोकनायक बापूजी अणे यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या काव्याचा शोध घ्यावा. वणीत जन्मलेल्या या पुरुषाने लोकमान्यांचे चरित्र संस्कृत पद्यात गुंफले, आणि त्यास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला. त्याच वर्षी यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते, ही गोष्ट ज्यांना अजून आठवते अशा श्रोत्यांपैकी कोणी आपल्या परिचयात असेल, तर त्यास नगरातील वाचनालयाची वर्षभराची वर्गणी आणि एखादा दिवाळी अंक भेट द्यावा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून घालून दिलेली ही परंपरा आजही, फराळ संपल्यानंतर पुढे कित्येक आठवडे पुरणारी अशी एकमेव दिवाळीची वस्तू आहे.

ज्यांची दृष्टी वाचनास साथ देत नाही, त्यांच्यासाठी निराळा विचार करावा लागतो. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. मुलखातील कित्येक वृद्धांपाशी ही सवलत आहे, पण हात धरून गाडीत चढविणारे माणूस नाही. तेव्हा भेट म्हणून आपला एक अखंड दिवस द्यावा : कळंबला जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागणाऱ्या चिंतामणीच्या दर्शनास न्यावे, किंवा पैनगंगेपलीकडे माहूरला रेणुकेच्या गडावर. अशा भेटीची किंमत रुपयांत होत नसल्यामुळे तिची परतफेडही कोणास करता येत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण होय.

मुलांसाठी

मुलांच्या बाबतीत विस्तार नको. फटाक्यांचे पैसे वाचवून बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्षभराची वर्गणी भरावी. १९७१ पासून चालत आलेले हे मासिक अल्प मोलाचे आहे; परंतु आपल्या नावाचे टपाल दर महिन्याला घरी येते, या गोष्टीचे अप्रूप आठ-दहा वर्षांच्या मुलास किती असते, हे ज्याने एकदा पाहिले तो पुन्हा प्लास्टिकची मोटार घेणार नाही. थोड्या मोठ्या मुलांना सुट्टीत पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात न्यावे. सुमारे दीडशे चौरस किलोमीटरच्या त्या जंगलातील वाघ पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, आणि जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी मात्र तो पुस्तकातच पाहिलेला असतो.

परगावी गेलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आप्तांना तेथेच मिळणाऱ्या मिठाईचे डबे येथून पाठविण्यात हशील नाही. त्यांना जंगलाची चारोळी व बिब्याची गोडंबी पाठवावी. पहिली करंजीच्या सारणात पडेल, दुसरी थंडीच्या लाडवांत. डाळ पाठविण्याची मात्र घाई करू नये, कारण तुरीचे नवे पीक संक्रांतीच्या सुमारास व त्यानंतर निघते, आणि हळदही उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होते; तेव्हा दिवाळीत फक्त वचन द्यावे आणि माघ-फाल्गुनात ते पाळावे. अशाने सणाची आठवण वर्षातून दोनदा होते. घरातील नित्य वापरासाठी बुरुडाकडील अथवा कोलाम कारागिरांकडील बांबूची टोपली आणि सूप पाठविले, तर महानगरातील सदनिकेत त्यांचे कौतुक येथल्यापेक्षा अधिक होते.

जावयासाठी

पहिल्या दिवाळसणाला जावयास अंगठी घालण्यासाठी सासऱ्याने सोयाबीनचा पैसा मोडावा, आणि मग रब्बीच्या बियाण्यासाठी उसनवारी करावी, हा मामला आपल्याकडे नवा नाही. येथे शिफारस सासऱ्यास नसून जावयास आहे. त्याने पानावर बसण्यापूर्वीच, ‘मामाजी, यंदा अंगठी नको, पुढच्या साली पाहू,’ असे सहज बोलून टाकावे, आणि ते ‘पुढचे साल’ दरवर्षी पुढे ढकलीत राहावे. याहून मोठा आहेर एखाद्या जावयाने सासरी केल्याचे ऐकिवात नाही.

सालदारासाठी आणि राबणाऱ्या हातांसाठी

आता सर्वांत नाजूक प्रकरण. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ज्याची कबुलात असते, अशा सालदारास पोळ्याला वस्त्र आणि बोजारा व दिवाळीला खुशाली देण्याचा जुना दस्तुर आहे. तो चांगलाच आहे. परंतु त्याच्या आडून एक गफलत फार सहज घडते, आणि ती म्हणजे कर्तव्याला भेटीचे वेष्टन गुंडाळण्याची. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, औषधांची मिश्रणे जहाल होती, आणि फवारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती मोजे, तोंडावर मुखपट्टी वा डोळ्यांवर चष्मा नव्हता. ही साधने फवारणीपूर्वी मजुराच्या हाती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती दिवाळीला भेट म्हणून देऊन फोटो काढणे हे औदार्य नव्हे, थकलेले देणे उशिरा चुकते करून त्यावर आभाराची पावती मागणे आहे. हाच न्याय बाकी राहिलेल्या मजुरीला आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या पगाराला लागू आहे.

हे सारे वेळच्या वेळी चुकते केल्यावर जे द्यावयाचे ते खुशाल द्यावे, आणि ते घरच्या माणसांना जे घेतले त्याच दुकानातील व त्याच प्रतीचे असावे. गड्याचे धोतर निराळ्या गठ्ठ्यातून काढण्याची दुकानदाराची सवय आपणच लावलेली आहे, आणि ती आपणच मोडू शकतो. शक्य असेल तर वस्तूऐवजी रोख रक्कम द्यावी व सोबत सुट्टी. कारण आपल्या लेकरांसाठी काय घ्यावे, हे ठरविण्याचा आनंद हा सणाच्या आनंदाचा निम्मा भाग असतो, आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार देणाऱ्यास पोचत नाही.

शेतकरी मित्रासाठी

शेतकरी मित्रास उपयोगाची वस्तू द्यावी, पण सल्ला देऊ नये. तो त्याला सर्व बाजूंनी फुकट मिळतच असतो. शेतीपंपाची वीज आलटून पालटून रात्रपाळीला येते, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत हरभऱ्यास पाणी देण्यासाठी अंधारात बांधावरून फिरणे त्याच्या नशिबी असते. तेव्हा डोक्याला बांधावयाची चांगल्या प्रतीची बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट, या दोन वस्तू साप-विंचवाच्या भयापासून त्याचे रक्षण करतील. हे बूट व बॅटरी स्वतःच्या शेतावरील मजुरास द्यावयाची झाली, तर ती मात्र वर सांगितल्याप्रमाणे कर्तव्याच्या खात्यात जमा धरावी. मित्राला ती देताना ‘परत काही आणू नकोस’ असे बजावूनही तो फाल्गुनात तुरीचे पायलीभर दाणे घेऊन दारी येईल. ते आनंदाने ठेवून घ्यावे, कारण देण्याचा त्याचाही हक्क आहे, आणि नेहमी घेणाऱ्याच्याच बाजूला उभे राहण्याची पाळी कोणा मानी माणसावर येऊ नये.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. लक्ष्मीपूजनाला वही पुजणारे व्यापारी त्याआधी मागील येणे-देणे तपासतात. गृहस्थानेही खरेदीला निघण्यापूर्वी तसेच करावे. वेचणीच्या मजुरीपासून दूधवाल्याच्या बाकीपर्यंत आपणाकडे कोणाचे काय निघते ते आधी कागदावर मांडावे, धनत्रयोदशीच्या आत ते फेडावे, आणि जे उरेल त्यातूनच भेटी घ्याव्यात. उरलेली रक्कम थोडी असेल, तर भेटी लहान कराव्यात, पण त्या उधारीवर घेऊ नयेत.