मधुमेहाची तालीम

लखनौ नगरीशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ साली तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज त्याचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाले आहे. घराण्यांच्या चार भिंतींत राहिलेली विद्या सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडावी, हा पंडितजींचा ध्यास होता. परंतु गुरूने कितीही मनापासून शिकवले, तरी तालीम घटकाभराची आणि रियाज मात्र रोजचा, घरचा. मधुमेहाच्या उपचाराचेही नेमके असेच आहे.

वर्षाचे तास ८,७६०. त्यांतले दोन-तीन तास रोगी डॉक्टरांसमोर बसतो. उरलेल्या वेळात काय खावे, किती चालावे, औषध केव्हा घ्यावे, हे तो स्वतः ठरवतो. किंवा त्याच्या घरी स्वयंपाक करणारी स्त्री ठरवते. या व्याधीत रोगी हाच आपला अर्धा वैद्य असतो. मग त्याला हे वैद्यक शिकवायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. बोस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन यांनी इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, १९१८ साली, मधुमेही लोकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि परिचारिकांना त्यांचे शिक्षक केले. पुढे अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात इन्सुलिनवर जगणाऱ्या १,४४१ व्यक्तींवर मोठा प्रयोग झाला. ज्यांची रक्तशर्करा काटेकोरपणे आवरली गेली, त्यांना नेत्रपटलाचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. हे यश केवळ औषधाचे नव्हते. रोग्यांशी सतत संपर्क ठेवून त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांचाही त्यात मोठा वाटा होता.

लखनौत वैद्यकाची परंपरा मोठी आहे. किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय १९११ साली सुरू झाले, आणि संजय गांधी संस्थेत अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तथापि मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांपुढे रांग असते. रोग्याच्या वाट्याला काही मिनिटे येतात; त्यांत औषधाचे नाव सांगून होते, शिक्षण होत नाही. परिचारिकेचे काम येथून सुरू होते.

चांगली परिचारिका प्रथम आज्ञा देत नाही, विचारते. सकाळी काय खाता? घरी अन्न कोण शिजवते? दुपारी उन्हातून किती चालता? ज्या शहरात कुलचा-निहारी आणि शीरमाल यांच्याभोवती पाहुणचार फिरतो, आणि जेथे जवळच मलिहाबादच्या दशहरी आंब्यांच्या बागा आहेत, तेथे ‘गोड वर्ज्य’ एवढे दोन शब्द पुरे पडत नाहीत. आंब्याची एखादी फोड, तीही जेवणातली एक पोळी कमी करून, हा सल्ला पाळला जातो. सरसकट मनाई चोरून मोडली जाते. मराठी घरांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण एकादशीचा साबुदाणा हा बहुतांशी निव्वळ पिष्टच होय.

रमजानचे उदाहरण याहून बोलके आहे. उपवास धरणाऱ्याला परिचारिका रागावत नाही. महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा व मात्रा बदलून घ्या, असे ती सुचवते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली, तर रोजा त्याच क्षणी सोडावा लागतो, हेही ती स्पष्ट सांगते. अंगाला कंप, घाम, धडधड ही या घसरणीची लक्षणे. अशा वेळी पंधरा ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे, साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. हा साधा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असला, तर प्राण वाचतो.

मे-जूनच्या रणरणत्या उन्हात शीतकपाट नसलेल्या घरी इन्सुलिन कसे ठेवावे, याचेही उत्तर तिच्यापाशी असते: कुपी घट्ट पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. सुई रोज एकाच जागी टोचू नये. झोपण्यापूर्वी तळपाय आरशात पाहावे, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. दुर्लक्षित फोड कित्येकदा पाय कापण्यापर्यंत नेतो.

भारतात हे होऊ शकते, याचा पुरावा आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन जिल्ह्यात सामुदायिक आरोग्य केंद्रांतील परिचारिकांवर मधुमेह व रक्तदाबाच्या रोग्यांची तपासणी आणि पाठपुरावा सोपवण्यात आला. रोग्यांची रक्तशर्करा व रक्तदाब दोन्ही उतरले. २०१८ पासून देशातील उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांतील बहुसंख्य परिचर्येचे शिक्षण घेतलेले आहेत. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेहाची तपासणी त्यांच्या कामात मोडते.

काळजी एवढीच, की तपासणीचे आकडे मोजता येतात, शिकवणे मोजता येत नाही. आणि ज्या कामाला नोंदवहीत रकाना नसतो, ते हळूहळू नाहीसे होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रमाण गोव्यात सर्वांत अधिक, २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात ते पाच टक्क्यांहून कमी असले, तरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या तेथे त्याहून कितीतरी मोठी आहे. इतक्यांना पुरतील एवढे डॉक्टर नजीकच्या काळात मिळणे कठीण. परिचारिकेला रोग्यापाशी बसण्यास अर्धा तास मोकळा देणे मात्र व्यवस्थेच्या हाती आहे.

गुरू जन्मभर शेजारी बसत नाही. तो स्वर दाखवतो, चूक सुधारतो आणि शिष्याला त्याच्या रियाजावर सोपवतो. परिचारिकेने दिलेली तालीमही तशीच. रोगी घरी जाऊन स्वतः सावध राहू लागला, की ती सफल झाली असे समजावे.