अण्णांचा रणगाडा आणि बिनतारी रिमोट

1993 सालच्या दिवाळीत अण्णा मुंबईहून येताना एक व्हिडिओ गेम घेऊन आले. हळदीच्या अडतीचा दिवस पहाटेपासून सुरू होई. मात्र संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वीच उरकत असल्यामुळे रात्रीचा तासभर मोकळा मिळे. त्या तासात आम्ही दोघे भाऊ आणि अण्णा सतरंजीवर टीव्हीला खेटून बसत असू आणि रणगाड्यांचा डाव रंगे. नामको या जपानी कंपनीचा 1985 सालचा ‘बॅटल सिटी’ तो हाच, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या घरी त्याचे नाव ‘टँक’. दोघांनी मिळून विटांच्या भिंतीआडचा गरुड राखायचा, एवढाच खेळ. मुंगीलाही पाय लागू न देणारी आजी त्या गोळीबाराकडे पाठ करून बसे, हे ओघाने आलेच.

गेल्या वर्षी अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि जमिनीवर बसणे कायमचे थांबले. त्याच सुमारास माळा आवरताना तो खोका सापडला. आश्चर्य म्हणजे यंत्र चालू झाले. अडचण वेगळीच होती. रिमोटची वायर जेमतेम तीन फूट आणि अण्णांची खुर्ची टीव्हीपासून नऊ फूट. वायर जोडून लांबवता आली असती. पण गुडघे बदललेल्या माणसाच्या घरात जमिनीवर वायर पसरून ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून बिनतारी रिमोटचा शोध सुरू झाला.

आमचे यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये 15 जुलै 1983 रोजी 14,800 येनांना विक्रीस आले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते घडवले. खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्याचे दोन्ही रिमोट यंत्राला कायमचेच जोडलेले होते. वायरीतून सुटण्याची धडपडही तितकीच जुनी आहे. अटारीने 1983 सालीच रेडिओलहरींवर चालणाऱ्या जॉयस्टिक काढल्या होत्या, पण त्या हातात धरायला बोजड. 1989 साली निन्टेन्डोने अमेरिकेत इन्फ्रारेड किरणांवर चालणारे एक उपकरण आणले. त्यात खोट अशी की टीव्हीच्या रिमोटप्रमाणे समोरासमोर रोख लागे. मधून कोणी ताट घेऊन गेले की खेळ गेला. खऱ्या अर्थाने जमले ते 2002 सालच्या ‘वेव्हबर्ड’ला. त्यात पुन्हा रेडिओलहरी आल्या, सोळा चॅनेल आले आणि बॅटरी टिकावी म्हणून रिमोटच्या थरथरण्यावर पाणी सोडावे लागले. आज बाजारात ब्लूटूथचे रिमोट आणि जुन्या यंत्राच्या तोंडात बसणारे छोटे रिसीव्हर मिळतात.

हा रिसीव्हर करतो काय? जुन्या रिमोटमध्ये आठ बटणे असतात : चार दिशा, ए, बी, सिलेक्ट आणि स्टार्ट. यंत्रातील शेठ दर क्षणी रिमोटमधील दिवाणजींना हाक मारतो, ‘वही उघडा’. दिवाणजी त्या क्षणी कोणती बटणे दाबलेली आहेत याची नोंद धरून ठेवतात आणि शेठ टिचकी वाजवेल तशी एकेक नोंद वाचून दाखवतात. आठ टिचक्या, आठ उत्तरे. एक तार हाकेची, एक टिचकीची, एक उत्तराची आणि दोन विजेच्या, अशा पाच तारांवर सगळा व्यवहार चालतो. जपान-अमेरिकेतील यंत्रे हे सेकंदाला साधारण 60 वेळा करतात, तर आपल्याकडील पाल पद्धतीची 50 वेळा. रिसीव्हर म्हणजे बदली दिवाणजी. तो ब्लूटूथवरून आलेला निरोप स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो आणि शेठने विचारले की जुन्याच रीतीने वाचून दाखवतो. शेठला बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही. वीजही त्याला यंत्राकडूनच मिळते.

खरेदीत मात्र आम्ही फसता फसता वाचलो. नकली यंत्रांना बहुधा नऊ पिनांचे तोंड असते. सेगाच्या मेगा ड्राइव्हचेही तसेच दिसते. आमच्या मुलाने सेगासाठी बनवलेला रिसीव्हर मागवला आणि तो अगदी चपखल बसला. सुदैवाने वीज लावण्यापूर्वी गल्लीतील टीव्ही दुरुस्तीवाल्यांना दाखवण्याची बुद्धी झाली. त्यांनी मल्टिमीटर लावून सांगितले की तोंड एकच असले तरी आतील तारांची मांडणी निराळी आहे. विजेची तारसुद्धा वेगळ्या पिनवर आहे. तसेच चालू केले असते तर रिसीव्हर किंवा यंत्र, कशावर तरी बेतले असते. अखेर तो परत केला, निन्टेन्डोच्या अमेरिकी यंत्रासाठीचा मागवला आणि त्यांनी पाच तारा सोल्डर करून जोड तयार करून दिला. ज्यांच्याकडे मूळ जपानी फॅमिकॉम आहे त्यांना समोरच्या पंधरा पिनांच्या तोंडाचा आधार आहे. पण काही जुने खेळ त्या तोंडाकडे पाहतच नाहीत, तेव्हा घेण्याआधी परतीची अट पक्की करावी.

पहिल्या रविवारी अण्णा खुर्चीत बसले, नात शेजारी स्टुलावर. अण्णांचा रणगाडा वळायचा, पण विटेवर आपटून. गोळी सुटायची, पण शत्रू पुढे सरकल्यावर. पाच डाव हरल्यावर त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “वय झालं रे. हात चालत नाही आता.” मी काहीतरी समजुतीचे बोललो. ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते.

रात्री मला वाटले, दोष बिनतारी रिमोटचा असावा. दुसऱ्या दिवशी जुना वायरचा रिमोट जोडून स्वतः सतरंजीवर बसलो. तोच उशीर! मग मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला 240 चौकटींच्या गतीने, बोट आणि पडदा एकत्र टिपले. बटण दाबल्यापासून रणगाडा हलेपर्यंतच्या चौकटी दोन्ही रिमोटसाठी दहा-दहा वेळा मोजल्या. सरासरी जवळजवळ सारखीच निघाली. बदली दिवाणजी निर्दोष सुटले.

चोर सापडला तो खोक्यातील प्लास्टिकच्या बंदुकीमुळे. बदके टिपायच्या त्या बंदुकीचा चाप नात कितीही ओढो, एकही बदक पडेना. दुरुस्तीवाल्यांना विचारले तेव्हा ते हसले. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीने तो प्रकाश त्याच क्षणी पाहायचा असतो. नव्या सपाट टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो, तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही येईल ते चित्र येईल तसे रेखत जाई. नवा टीव्ही जुने चित्र आधी साठवतो, त्याच्या रेषा जुळवतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. पाल पद्धतीत एक चौकट 20 मिलिसेकंदांची. अशा काही चौकटी या साजशृंगारात जातात. बंदूक चालत नाही याचे दुःख घरात कोणालाच झाले नाही, पण तिने साक्ष मात्र खरी दिली.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ होता. तो लावताच उशीर बराच उतरला. तरीही मन भरेना, म्हणून गोडाऊनमध्ये बारदानाखाली पडलेला जुना एकवीस इंची टीव्ही दोघा हमालांकरवी घरी आणला आणि पुसून कपाटावर चढवला.

त्या रविवारी अण्णांना आधी काही सांगितले नाही. पहिल्याच डावात त्यांनी कोपऱ्यावर रणगाडा अचूक वळवला, गरुडाकडे येणारा शत्रू उडवला आणि माझ्याकडे पाहिले. मग मी टीव्हीचा सगळा प्रकार सांगितला. ते ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी नातीला हाक मारली आणि म्हणाले, “बाळ, मागच्या रविवारचे पाच डाव हिशेबात धरायचे नाहीत. नव्यानं मांडायचं.”