पाय जातो, दुखणं जातं

हाडाच्या कॅन्सरमुळे कुत्र्याचा पाय काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले की घरातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तो चालणार कसा?" त्याचं उत्तर आपल्याच गल्लीत फिरत असतं. लोकलखाली नाहीतर रिक्षाखाली पाय गेलेला एखादा तरी कुत्रा मुंबई-पुण्याच्या जवळपास प्रत्येक वस्तीत दिसतो. बाकीच्यांच्या बरोबरीनं तो धावतो, भांडतो, पावसात दुकानाच्या फळीखालची कोरडी जागा पटकावतो. त्याला कुणी व्यायाम शिकवलेला नसतो, की कुणी धीर दिलेला नसतो. ही सगळी शस्त्रक्रिया कुत्र्याच्या अंगच्या या ताकदीवर विसंबून आहे.

दुसरा प्रश्न अवघड असतो. पाय काढला की कॅन्सर जाईल का? हाडाच्या कॅन्सरमध्ये याचं खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आहे. निदान होतं तेव्हाच सुमारे नव्वद टक्के कुत्र्यांत रोगाच्या पेशी रक्तावाटे पसरलेल्या असतात, मुख्यतः फुप्फुसांत. छातीच्या एक्स-रेत त्या दिसतात मात्र जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांत. तरीही पाय काढायचा, तो वेदनेसाठी. आतून पोखरलं जाणारं हाड दिवसरात्र ठणकतं, पण मुकं जनावर ते सांगत नाही. ते पाय अधांतरी धरतं, रात्रभर कूस बदलत राहतं, जिना टाळतं, आणि आपण डोक्यावरून हात फिरवला की शेपटीही हलवतं. घरच्यांना वाटतं, फार दुखत नसावं. या एका समजुतीपायी किती कुत्रे महिनोन्महिने कळा सोसत राहतात! पाय काढणं म्हणजे क्रौर्य, असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या पायाचा एक्स-रे डोळ्यांनी पाहावा.

या रोगाचं नाव ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्याच्या हाडातच मूळ धरणाऱ्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के याच प्रकारचे असतात. हा मोठ्या अंगाच्या कुत्र्यांचा रोग आहे: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर. लहान चणीच्या कुत्र्यांत तो क्वचित आढळतो. वय साधारण सातच्या पुढेमागे असतं, पण दीड-दोन वर्षांच्या कोवळ्या कुत्र्यांतही तो डोकं वर काढतो. पुढच्या पायांत तो मागच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसतो. जागा लक्षात ठेवण्यासाठी पशुवैद्यकाचे विद्यार्थी एक खूणगाठ बांधतात, 'कोपरापासून लांब, गुडघ्याच्या जवळ'. म्हणजे पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याच्या खाली, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या अल्याडपल्याड.

सुरुवात लंगडण्यानं होते आणि इथेच वेळ जातो. उडी मारताना मुरगळलं असेल, मुका मार असेल, वय झालंय तर संधिवात असेल, असं म्हणत गोळी दिली जाते. चार दिवस बरे जातात, गोळी संपली की पुन्हा तेच. मग एक दिवस मनगटाच्या वर टणक सूज हाताला लागते. एक्स-रेत ते हाड वाळवीनं पोखरलेल्या लाकडासारखं दिसतं आणि कडेनं नव्या, वेड्यावाकड्या हाडाचे किरण फुटलेले असतात. जाणकार डॉक्टर आणखी एक गोष्ट टिपतात: हा रोग सहसा सांधा ओलांडून पलीकडच्या हाडात जात नाही. तरी नुसत्या एक्स-रेवर निकाल देता येत नाही, कारण बुरशीचा संसर्गही हाडात असाच धुमाकूळ घालू शकतो. म्हणून सुईनं पेशी काढून तपासतात किंवा हाडाचा बारीक तुकडा बायोप्सीला पाठवतात. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे घेतात. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असेल तर ते वाईट लक्षण मानतात.

चांगला सर्जन कापायच्या पायाइतकाच वेळ उरलेल्या तिन्ही पायांवर घालवतो. खुबे ढिले आहेत का, दुसऱ्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आहे का, पाठीच्या कण्यात काही दाब आहे का, हे तो बघतो. उभ्या कुत्र्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणून पुढचा पाय जाणं मागच्यापेक्षा जड पडतं. लाडानं बिस्किटं आणि तूप-पोळी खाऊन फुगलेल्या लॅब्रेडॉरला तीन पायांवर अंग पेलणं खरोखरच कठीण जातं.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय घडतं ते पाहू, कारण घरच्यांच्या मनातली निम्मी भीती या न पाहिलेल्या खोलीची असते. पुढचा पाय काढताना बहुतेक सर्जन खांद्याचं पातंही काढतात. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण माणसासारखा कामाचा कॉलरबोन कुत्र्याला नसतो, त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. ते स्नायू एकेक करून सोडवत गेलं की एकही हाड न कापता अख्खा पाय मोकळा होतो. पातं मागे ठेवलं, तर त्यावरचे स्नायू काही महिन्यांत वाळतात आणि हाडाचा कोना कातडीखाली टोचत राहतो. मागचा पाय खुब्याच्या सांध्यातून काढतात किंवा मांडीच्या हाडाच्या मध्यावर.

बगलेत पोचल्यावर जाड, पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा दिसतो. त्या पायाच्या नसा. त्या कापण्याआधी प्रत्येकीत ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. जनावर भुलीखाली असलं तरी कापलेल्या नसेची हाक मज्जारज्जूपर्यंत पोचतेच, आणि ती आधीच अडवली नाही तर नसलेल्या पायाचं दुखणं पुढे मागे लागू शकतं. रक्तवाहिन्यांचाही क्रम आहे. आधी धमनी बांधायची, मग शीर, म्हणजे पायातलं रक्त अंगात परत येतं. मोठ्या धमनीला एका गाठीवर सोडत नाहीत. दुसरी गाठ तिच्या भिंतीतून दोरा ओवून घालतात, ती निसटत नाही. शेवटी स्नायूंचे थर एकमेकांवर ओढून शिवतात. मध्ये पोकळी राहिली तर तिथे पाणी साचतं. काढलेला पाय प्रयोगशाळेत जातो. हाड आधी आम्लात मऊ करावं लागतं, त्यामुळे अहवालाला दिवस लागतात. फोन लगेच आला नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

मुंबईत जनावरांवरच्या शस्त्रक्रियेच्या या विद्येचं माहेर परळला आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय तिथे १८८०च्या दशकात उभं राहिलं आणि १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. घोडे आणि बैल हे त्या काळचे मुख्य रुग्ण. घोड्याचा पाय मोडला तर तेव्हा त्याला गोळी घालणं हाच उपाय समजत, आणि तीन पायांवर घोडा आजही सहसा जगत नाही. कुत्र्याची गोष्ट वेगळी, हे तिथल्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या दिसत आलं आहे. याच परळमध्ये १९४१ पासून माणसांच्या कॅन्सरसाठी टाटा मेमोरियल आहे, आणि तिथे येणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या गुडघ्याजवळचा ऑस्टिओसार्कोमा हा कुत्र्याच्या रोगाचा सख्खा भाऊ आहे. दोन्हींतलं साम्य इतकं की कुत्र्यांवर शिकलेलं मुलांच्या कामी आलं. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात डॉ. स्टीफन विथ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पाय न कापता फक्त रोगट हाड काढून त्या जागी साठवणीतलं हाड बसवण्याची पद्धत घडवली, आणि त्या अनुभवाचा फायदा मुलांच्या शस्त्रक्रियांना झाला. कुत्र्यांत ती मुख्यतः मनगटाच्या वरच्या रोगात चालते आणि बसवलेल्या हाडात जंतुसंसर्ग फार होतो. यातली एक चकित करणारी नोंद अशी: ज्यांना असा संसर्ग झाला, ते कुत्रे न झालेल्यांपेक्षा जास्त जगले. खवळलेली रोगप्रतिकारशक्ती कॅन्सरवरही तुटून पडत असावी, या अंदाजातून संशोधनाची एक वाट निघाली.

उद्योगपती रतन टाटांनीही आपल्या एका कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी थेट अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. असं रुग्णालय इथेच हवं, हा त्यांचा ध्यास २०२४ च्या जुलैत महालक्ष्मीला पुरा झाला. टाटा ट्रस्ट्सचं ते रुग्णालय पाच मजली आहे आणि त्यावर १६५ कोटी रुपये खर्च झाले. अशी रुग्णालयं जिल्ह्याच्या गावी कधी होतील, हा प्रश्न मला सतावतो. नागपूर किंवा कोल्हापूरच्या घरात वाढणाऱ्या कुत्र्याची वेदना काही कमी नसते.

शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला घरी आणल्यावरचा पहिला आठवडा माणसांची परीक्षा घेतो. अर्धं अंग भादरलेलं, टाक्यांची लांब रेघ, भोवती जांभळं-काळं, आणि ते काळं गुरुत्वाकर्षणानं पोटाकडे उतरत जाणारं. हे बघून घरातली मोठी माणसं हुंदके देतात. कुत्रा मात्र बहुधा दुसऱ्याच दिवशी उभा राहिलेला असतो. रात्री तो कण्हतो. ते कधी वेदनेनं, कधी अफूवर्गीय औषधाच्या गुंगीनं. त्याच औषधांमुळे दोन-तीन दिवस शी होत नाही, त्याची काळजी करू नये. फोनवर डॉक्टरांना विचारावं, पण घरातली माणसांची गोळी कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

या दिवसांतला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपल्या घरातली गुळगुळीत लादी. चकचकीत टाइल्सवर तिन्ही पाय तीन दिशांना घसरले की कुत्र्याचा धीर सुटतो आणि तो उठायलाच नकार देतो. पाणी पिण्याच्या जागेपासून दारापर्यंत सलग रबरी मॅट, योगा मॅट किंवा खाली न सरकणारी सतरंजी अंथरावी, नखं आणि तळव्यांतले केस कापावेत. बाहेर नेताना जुना टॉवेल पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर हातात धरावीत. उचलायचं नाही, फक्त तोल सांभाळायचा. पुढचा पाय गेला असेल तर ताटली पाटावर ठेवावी. तो जेवताना नीट पाहा: उरलेला पुढचा पाय तो थोडा आत, छातीच्या मध्यरेषेवर आणून रोवतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. अंगात नवी चाल भिनायला साधारण महिना जातो. त्यानंतरही एक लांब फेरी मारण्यापेक्षा तीन-चार आखूड फेऱ्या बऱ्या, आणि चेंडू फेकून एकदम वळायला लावणं बंद. वजन उतरवणं हे सर्वांत कठीण काम, कारण घरातल्या प्रत्येकाला या दिवसांत त्याला काहीतरी भरवावंसं वाटतं. आजीच्या ताटातला पोळीचा तुकडा तेवढा थांबवावा लागतो.

टाके निघाले की केमोथेरपीचा प्रश्न उभा राहतो. बहुधा कार्बोप्लाटिन देतात, माणसांना देतात तेच, दर तीन आठवड्यांनी शिरेतून, चार ते सहा वेळा. माणसांत दिसणारे हाल कुत्र्यांत सहसा दिसत नाहीत, कारण मात्रा बेतानं ठेवलेली असते. उद्देश चांगले दिवस वाढवण्याचा असतो. तरी आठ-चौदा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ताप किंवा मरगळ दिसली तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. डोसनंतर काही दिवस शी-शू हातमोजे घालून साफ करावी, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ते काम करूच नये.

आकडे लपवण्यात अर्थ नाही. नुसता पाय काढला तर बहुतेक कुत्रे चार-पाच महिने जगतात. केमोथेरपी जोडली तर दहा-बारा महिने, आणि पाचांतला जेमतेम एकच कुत्रा दोन वर्षांपलीकडे जातो. ज्यांचे उरलेले पाय किंवा फुप्फुसं आधीच हरली आहेत, त्यांच्यासाठी वेदनाशामकं, हाड मजबूत करणारी बिस्फॉस्फोनेट इंजेक्शनं, आणि वेळ आली की शांत निरोप, हाही तितकाच प्रेमाचा निर्णय आहे. त्यासाठी कुणी कुणाला दोष देऊ नये. पण उरलेलं शरीर धड असेल, तर 'तीन पायांचा कुत्रा बघवणार नाही' या कारणासाठी शस्त्रक्रिया नाकारणं मला पटत नाही. बघायचं आपल्याला असतं, दुखत त्याला असतं.

आणि मोठ्या जातीचा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. तो दोन आठवड्यांहून जास्त लंगडत असेल, तर तिसरी गोळी आणण्याआधी त्या पायाचा दोन बाजूंनी एक्स-रे काढून घ्या.