मदतीचा हात कुठे थांबवायचा?

मे महिना उजाडला की गल्लोगल्ली उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. पोहणे, चित्रकला, नाटक, भटकंती! अंध किंवा अल्पदृष्टी असलेल्या मुलाच्या पालकांनी फलकावरच्या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडून अनेकदा पहिला प्रश्न येतो, 'त्याला जमेल का?' या मुलांसाठी खास शिबिरे भरवणाऱ्या संस्था आहेत, तर काही ठिकाणी ती डोळस मुलांच्या बरोबरीने सामील होतात. दोन्हीकडे तरुण स्वयंसेवक हौसेने येतात. मात्र कुठे मदत करायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे त्यांना आधी शिकवावे लागते.

हालचाल का मंदावते?

डोळस बाळ समोरचा खुळखुळा पाहते आणि त्याच्या ओढीने रांगू लागते. जन्मतः अंध बाळाला हे आमिष नसते. जिथून आवाज येतो तिथे हात नेला की वस्तू हाती लागते, हे त्याला उमगायला पहिले वर्ष सरत येते. म्हणून स्नायूंत काही दोष नसतानाही अशी बाळे उशिरा रांगतात, उशिरा चालतात. पुढे 'पडेल', 'लागेल' या धास्तीने घरचेच त्यांना बसवून ठेवतात. त्यातून तोल कच्चा राहतो, दम लवकर लागतो, पाठीला पोक येते.

दुसरी अडचण शिकण्याची. दोरीवरच्या उड्या कशा मारतात, चेंडू फेकताना खांदा कसा वळतो, लंगडीत पाय किती वर घेतात, हे डोळस मूल नुसते बघून उचलते. दृष्टिबाधित मुलाला हे कुणी सांगितले आणि स्पर्शाने दाखवले, तरच कळते. इतर मुले न शिकवता शिकतात ते या मुलांना मुद्दाम शिकवण्याची संधी शिबिरात मिळते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉकपोर्ट येथे प्रा. लॉरेन लीबरमन यांनी १९९६ मध्ये 'कॅम्प अबिलिटीज' हे दृष्टिबाधित मुलांचे आठवडाभराचे क्रीडा शिबिर सुरू केले, ते याच विचाराने. तिथे एका मुलामागे एक प्रशिक्षक असतो. तिथल्या खेळांपैकी एक गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये हा खेळ तयार झाला. सव्वा किलोच्या चेंडूत घुंगरे असतात आणि प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते. त्यामुळे थोडे दिसणारा आणि अजिबात न दिसणारा, दोघे एका पातळीवर येतात. आपल्याकडे मुलांचा लाडका खेळ अर्थात क्रिकेट. छर्ऱ्यांचा आवाज करणारा प्लास्टिकचा चेंडू खांद्याखालून, टप्पा पाडत टाकला की फलंदाज कानाने त्याचा माग काढतो.

दंडाला धरून ओढू नका

रस्ता दाखवण्याची रीत साधी आहे. मुलाला ओढायचे किंवा मागून ढकलायचे नाही. आपले कोपर पुढे करायचे, मुलाने ते धरायचे आणि अर्धे पाऊल मागे चालायचे. मूल लहान असेल तर ते मनगट धरते. चालणाऱ्याच्या अंगाची हालचाल त्याला कोपरातून कळते. तरीही पायरी आली की 'वर' की 'खाली' हे सांगावे.

जवळ गेल्यावर आधी आपले नाव सांगावे आणि निघताना 'मी जातो' म्हणावे. नाहीतर मूल रिकाम्या जागेशी बोलत राहते. 'इकडे', 'तिकडे' या शब्दांचा त्याला उपयोग नसतो. 'तुझ्या उजव्या हाताला, दोन पावलांवर' याचा होतो. ताट घड्याळासारखे समजावता येते: बारावर भाजी, तीनवर वरण, सहावर पोळी. दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावीत. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते. खोलीतले सामान मुलांना न सांगता हलवू नये.

मातीकाम किंवा ओरिगामी शिकवताना मुलाचे हात पकडून ओढण्यापेक्षा आपले हात खाली ठेवावेत आणि त्याने आपले हात त्यावर ठेवावेत. मग नको वाटेल तेव्हा त्याला हात काढून घेता येतो. त्याच्या बोटांवरच त्याची जगाची ओळख अवलंबून असते, म्हणून विचारल्याशिवाय त्यांना धरू नये. पोहण्याच्या तलावावर तर कुठे आणि का स्पर्श करणार हे आधी सांगणे बंधनकारकच असावे.

नोंदणी अर्जात काय हवे?

'दृष्टिबाधित' या एका शब्दात अनेक आजार येतात, म्हणून प्रत्येक मुलाच्या नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी हवी. काचबिंदू असेल तर थेंबांची वेळ सहलीतही चुकता कामा नये. मोठ्या नंबरचा चष्मा असलेल्या मुलांत पडदा सरकण्याचा धोका अधिक असतो. त्यांना सूर मारणे, डोक्याला धक्का बसणारे खेळ डॉक्टरांना विचारूनच द्यावेत. अल्बिनिझम असलेल्या मुलांच्या डोळ्यांना आणि त्वचेला ऊन सोसत नाही. त्यांना टोपी, गडद चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सकाळची वेळ हवी.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांसाठी रंगांतला फरक महत्त्वाचा. पांढऱ्या ताटलीतला भात त्यांना दिसत नाही, गडद ताटलीतला दिसतो. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारली तर ती स्वतः उतरतात. काही मुले मुठीने डोळे दाबत राहतात. दृष्टिपटलाच्या आजारांत ही सवय अधिक आढळते. हातावर फटका मारून ती जात नाही, हाताला काम दिले की कमी होते.

कान तिखट, पण सरावाने

अंध व्यक्तीचे कान जन्मतःच तिखट असतात, असा समज आहे. खरे तर ही कमाई सरावाची असते. नोरिहिरो सदातो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, लहानपणीच दृष्टी गेलेल्या व्यक्ती ब्रेल वाचताना त्यांच्या मेंदूतील दृष्टीचा भाग सक्रिय होत असल्याचे दिसले. मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला लावतो. पण त्याला काम मिळायला हवे. हापूस आणि पायरी वासावरून ओळखणे, टाळीच्या प्रतिध्वनीवरून भिंत किती दूर आहे ते सांगणे, हे शिबिरातले खेळ त्यासाठीच.

आठवडाभरात मूल स्वतः पाणी ओतून घेऊ लागते, पांढरी काठी टेकवत जेवणघरापर्यंत एकटे जाते. घरी परतल्यावर आईने पेला तोंडाशी नेला आणि बाबांनी काठी कोपऱ्यात ठेवली, तर महिन्याभरात सगळे पुसले जाते. म्हणून शेवटचा दिवस पालकांसाठी राखून ठेवलेला बरा. त्या दिवशी मुलांनी वाढावे आणि पालकांनी बसून जेवावे. थोडे वरण सांडेल. ते पुसायचे फडके कुठे आहे, एवढे मुलाला सांगितले की पुरे.